लंडनच्या आधी श्रीगोंदा

१. पेटीपुढची शांतता

मुक्ताआक्काचा पासपोर्ट हरवलाय हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि तेही ती काही बोलली नाही म्हणून. एरवी साधी पेन्सिल सापडली नाही तरी आक्का अख्ख्या भिंगार गावाला ऐकू जाईल असं बोलते, वकिलीणच ती. त्या शुक्रवारी संध्याकाळी मात्र ती पुस्तकांच्या पेटीपुढे मांडी घालून बसली होती, एक हात खाकी पिशवीत कोपरापर्यंत गेलेला, आणि तोंडातून शब्द नाही.

“चांगू,” ती शेवटी म्हणाली, “पिशवी आहे. आतलं नाही.”

मी चांगुणा. दहावीत आहे. शाळेच्या घंटेचा हातोडा कुणी पळवला होता ते याच वर्षी मी एकटीनं शोधून काढलं, त्यामुळे अशा वेळी बाकीच्यांनी घाबरायचं आणि मी विचार करायचा, अशी वाटणी मी मनातल्या मनात करून टाकली होती. पण आक्काचा चेहरा बघितला आणि मी तिच्याशेजारी जमिनीवरच बसले.

आक्का माझ्या थोरल्या काकांची मुलगी. पुंजारामकाका गेल्यावर शिकायला म्हणून श्रीगोंद्याहून आमच्याकडे आली, ती आमचीच झाली. यंदा तिनं वकिलीची परीक्षा पास केली. पुण्याचा एक ट्रस्ट दरसाल कायद्याच्या एकाच विद्यार्थ्याला लंडनला पुढचं शिकायला पाठवतो. बाहत्तर सालचा तो एक विद्यार्थी म्हणजे आमची आक्का. तिनं निवडलेला विषय पाणी. पाणी कुणाच्या मालकीचं, विहिरीतलं कुणाचं, नदीतलं कुणाचं, असा सगळा कायदा. यंदा पावसाळा कोरडा चाललाय, तरी लोक हसतात. पाण्याला कसला आलाय कायदा, म्हणतात.

सोमवारी सकाळी आक्कानं मुंबईला ब्रिटिशांच्या कचेरीत पासपोर्ट दाखवून त्यावर प्रवेशाचा शिक्का घ्यायचा होता. सोमवार चुकला की ट्रस्ट तिची जागा दुसऱ्या नंबरच्या विद्यार्थ्याला देणार होता.

“नवा काढता येईल?” मी बाबांना विचारलं. बाबा लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर आहेत, कागदपत्रांतलं त्यांना सगळं कळतं.

“आधी पोलिसात नोंद, मग चौकशी, मग मुंबई. दोन-तीन महिने धर,” बाबा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. काच स्वच्छच होती.

मग शोधाशोध सुरू झाली. आक्कानं एकेक पुस्तक झटकलं. बाबांनी कपाटातले कागद उपसले. आईनं पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून बघितला. आणि गोजरआत्या, म्हणजे बाबांची बहीण, जिनं आक्काला श्रीगोंद्यात लहानपणापासून सांभाळलं आणि जी तिच्याबरोबरच आमच्याकडे आली, तिनं माळ्यावरची आहेराची पेटी खाली घेतली आणि त्यातलं एकेक लुगडं घडीतून उलगडून झटकायला लागली.

“आत्या, तिथं कशाला जाईल तो?” आई वैतागून म्हणाली. “मी नीट रचून ठेवलंय सगळं.”

“असंल कुटंबी,” आत्या म्हणाली आणि पुढचं लुगडं घेतलं.

“आक्का, शेवटचा कधी बघितलास?” मी विचारलं.

“पोस्टानं आला तेव्हा. जुलै संपता संपता. सगळ्यांना दाखवला, पिशवीत घातला, पेटीत ठेवला. त्यानंतर उघडायचं कामच पडलं नाही.”

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “पिशवी जागेवर आणि आतला पासपोर्ट तेवढा गेला,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे हरवला नाही तो. कुणीतरी काढून घेतलाय.”

२. दुसरा नंबर

दुसऱ्या नंबरचं नाव होतं गोरक्षनाथ. आक्काच्याच वर्गातला, श्रीगोंदा तालुक्यातलाच, आणि ऑगस्टमध्ये तो आमच्याकडे पुस्तक परत करायला आला होता. आक्का चहा टाकायला आत गेली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत, पेटीपासून हाताच्या अंतरावर एकटाच बसला होता. शिवाय तो कॉलेजात पासपोर्टाबद्दल विचारत हिंडतो, हे आक्काच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. आणखी काय पाहिजे?

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी मी सायकल दामटत नगरला गेले. गोरक्षनाथ कोर्टाजवळच्या चहाच्या टपरीवर सापडला. मी सायकलवरून उतरायच्या आधीच विचारलं, “गोरक्षदादा, आक्काचा पासपोर्ट तुम्ही घेतलाय का?”

त्यानं बशी खाली ठेवली. “हरवला? कधी?”

“मी विचारतेय.”

“बरं बाई, तू विचार.” त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. “नाही घेतला. घेऊन काय करू?”

“आक्का नाही गेली तर तुमचा नंबर लागतो.”

“लागतो ना. आणि मग मी लंडनला जाऊ कसा? पोहत?”

मला कळेना.

“अगं, माझ्याकडे पासपोर्टच नाही. माझं नाव दुसरं लागलं म्हणून चौकशी केली, तर म्हणाले डिसेंबर उजाडेल. तोवर तिकडचं कॉलेज थांबतंय होय? तुझ्या आक्काचा पासपोर्ट गेला तर यंदा ती जागा रिकामी जाईल. ना तिला, ना मला. मी एवढा खुळा दिसतो का?”

मी त्याच्याकडे नीट बघितलं. दिसत नव्हता.

“खरं सांगायचं तर मी जळलो,” तो म्हणाला. “दोन दिवस जेवलो नाही. मग वाटलं, आपल्या तालुक्यातून एक जण तर जाऊ दे, वाट पडेल. पुढच्या साली मी आहेच. तिच्याकडून सगळं विचारून घेणार आहे मी, कुठं राहायचं, काय खायचं.”

चोर असं बोलत नाहीत. चहा मात्र फुकट गेला नाही, कारण मी निघाले तेव्हा तो मागून म्हणाला, “सहादेवला विचारलंस का? तुझ्या आक्काच्या भावाला. तो श्रीगोंद्याच्या भर बाजारात सांगत होता, बहिणीचा पासपोर्ट चुलीत घालीन म्हणून.”

३. पेटीवर बसलेली मी

हे मला माहीत होतं. नव्हे, तेच तो आमच्या घरात माझ्यासमोर बोलला होता.

पासपोर्ट आला त्या आठवड्यात सहादेवदादा श्रीगोंद्याहून उसाची मोळी घेऊन आला. ऊस खाली ठेवायच्या आधीच सुरू झाला, “लंडनला काय हाय? हितं वकील कमी पडले व्हय? सोयरे निरोप धाडत्यात. पोरगा कारखान्यात शेतकी खात्यात हाय. यंदा न्हाई म्हनलं तर फुडल्या साली कोन इचारनार?”

“नको विचारू देत,” आक्का म्हणाली.

“दाव त्यो पासपोर्ट. चुलीतच घालतो.”

“घाल. दुसरा काढीन.”

“आन पान्याचा कायदा शिकती म्हनं. आपली हीर आटली ती आटलीच. शेजाऱ्यानं हीर खोल नेली, कोर्टात काय म्हनले? त्याच्या रानाखालचं पानी त्याचं. झाला कायदा. ह्यो शिकाया लंडनला कशापाई जायाचं?”

“तो कायदा बदलायला हवा म्हणूनच जायचं, दादा.”

मग दोघंही इतकी भांडली की आईनं उसाची कांडकी करून सगळ्यांच्या हातात दिली, तोंडं बंद व्हावीत म्हणून.

आता मुद्दा असा, की त्या दिवशी दादा आला तेव्हा मी त्याच पेटीवर बसून भूमिती करत होते. भांडण इतकं रंगलं की मी तिथून हललेच नाही. दादा निघाला तेव्हा बाबा त्याच्याबरोबर एस.टी. स्टँडपर्यंत गेले. त्यानंतर तो भिंगारला आलेला नाही. म्हणजे पेटीला हात लावायची त्याला सवडच मिळाली नव्हती.

सायकल हातात धरून मी घरापर्यंत चालत आले, कारण चालताना मला चांगलं सुचतं. गोरक्षनाथाला पासपोर्ट घेऊन फायदा नव्हता. दादाला फायदा होता, पण तो घ्यायला जमलं नव्हतं. मग राहिलं कोण? आम्ही घरचेच. आई, बाबा, आत्या आणि मी.

आणि मग मी भिंगारच्या बाजारात मधोमध थांबले. मागचा टांगेवाला माझ्या नावानं बोलला, पण मला ऐकायला वेळ नव्हता. पासपोर्ट चुलीत घालतो, हे घरातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. ते ऐकून आक्काचं भलं चिंतणारं माणूस काय करेल? पासपोर्ट चोरणार नाही. तो लपवून ठेवेल.

पण लपवणाऱ्यानं काल सगळं घर उलटंपालटं होताना तोंड का उघडलं नाही?

४. छबूमावशींची तक्रार

आमच्या शेजारी छबूमावशी राहतात. ओट्यावर बसून त्या धान्य निवडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतात. तरी खात्री करावी म्हणून, घरी कोण कोण येऊन गेलं ते विचारायला मी त्यांच्याकडे गेले.

“तुमच्याकडं कोण येतंय-जातंय मला काय ठाऊक,” मावशी म्हणाल्या आणि मग पोस्टमनपासून बोहारणीपर्यंत सगळे सांगितले. त्यात कामाचं काही नव्हतं. मी उठणार, तेवढ्यात त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“तू आलीसच तर विचारते. आमचं काही चुकलं का गं?”

“का हो मावशी?”

“तुझी आत्या. मेली वर्षानुवर्षं उंबरा ओलांडत नाही, ती गेल्या महिन्याभरात दोन-चारदा आली. मला बरं वाटलं. चहा घ्या म्हटलं तर नको. बाळाला बघा म्हटलं तर बघितल्यासारखं केलं. आणि दर वेळी एकच विचारायचं.”

“काय?”

“आमच्या नातवाच्या बारशाला तुझ्या आईनं बाळंतिणीला लुगडं दिलं होतं ना, डाळिंबी? तर त्याची घडी मोडली का, म्हणून. आता दिलेलं लुगडं आम्ही नेसू नाहीतर ठेवू. दिल्यावर असं मागं लागतात का कुणी?”

“मोडली का मग घडी?”

मावशींनी सूप परत मांडीवर घेतलं. “तू पण तेच विचार,” त्या म्हणाल्या, आणि एकाएकी त्यांना दाण्यांत फार खडे दिसायला लागले.

मी घरी धावले. डोक्यात सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं होतं. काल सगळे जण पुस्तकांत, कागदांत, डब्यांत शोधत होते, आणि एकटी आत्या लुगड्यांच्या घड्या झटकत होती. पासपोर्ट लुगड्यात शोधायचं कुणाच्या डोक्यात येईल? ज्यानं तो लुगड्यात ठेवला त्याच्याच.

आणि त्याहून मोठी गोष्ट. पासपोर्ट नाही हे आम्हांला काल कळलं. आत्या तो महिन्याभरापासून शोधत होती.

५. आत्या

आत्या मागच्या दारी बाजरी पाखडत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

“आत्या, पासपोर्ट त्या डाळिंबी लुगड्यात ठेवला होतास ना?”

सूप थांबलं. बाजरीवर बसायला आलेल्या चिमण्यासुद्धा तिनं हाकलल्या नाहीत.

“तुला कोन म्हनलं?”

“कुणी नाही. तूच. लुगडी झटकत होतीस.”

आत्यानं सूप मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, “सहादेव नुसता बोलनारा न्हाई, चांगे. मुक्ता चौथीत हुती तवा रागाच्या भरात तिची पाटी-पुस्तकं यानं आडात टाकल्याली. म्या डोळ्यांनी बघितलं. त्यो चूल म्हनला आन माज्या काळजात धस्स झालं. पुन्यांदा आला, पेटी उघडली, तर? म्हनून काढला.”

“आणि लुगड्यात का?”

“देन्याघेन्यातलं लुगडं कोन नेसतंय? हिकडून आलं, तिकडं गेलं. दुकानातला दोरासुदिक सुटत न्हाई त्याचा. म्या घडीत खोल सारला, दोरा पयल्यासारका बांधला. खळीनं ताठ आसतंय, हाताला कायबी लागत न्हाई. तितं चोरबी बघायचा न्हाई.”

“आणि आईनं नेमकं तेच उचललं.”

“बारशाला. मी तवा दळान आनाया गेल्ते. आले तर पेटीत जागा मोकळी. काल म्हनलं, दुसऱ्या घडीत सरकला आसंल तर बघावं.”

“मग सांगायचं नाही का, आत्या? तेव्हाच मागून आणलं असतं.”

“आहेरात दिल्यालं माघारी मागतंय व्हय कोन? तुज्या आयची मान खाली. आन मुक्तीला काय सांगू? जिनं राखायचं, तिनंच घालवलं म्हनून?” तिनं बाजरीत बोटं फिरवली. “खरं सांगू? एक दिस मनात आलं, न्हाई गावला तर न्हाई. ऱ्हाईल पोरगी हितंच. एकच दिस. मंग लाज वाटली आन पुन्यांदा छबूच्या दारात गेले.”

माझ्या मागे दार करकरलं. आक्का उभी होती. तिनं किती ऐकलं होतं ते तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

आक्कानं आत्याच्या मांडीवरचं सूप उचलून खाली ठेवलं.

“ऊठ आत्या,” ती म्हणाली. “पदर नीट कर. छबूमावशींकडे जायचंय.”

६. लुगडं चाललं

आम्ही चौघी, म्हणजे आईसुद्धा, ओट्यासमोर उभ्या राहिलो तशा छबूमावशी उठून उभ्या राहिल्या. आक्कानं सगळं सरळ सांगितलं. मावशींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“नाहीये माझ्याकडं,” त्या पुटपुटल्या.

“म्हणजे?” आईनं विचारलं.

“आमची लेक पाचवारी नेसते. तिला नऊवारी काय करायचं? नागपंचमीला आमच्या वन्सं आल्या होत्या. जाताना त्यांच्या ओटीत घातलं.”

“दहा दिवसांत?” आईचा आवाज चढला. “मी एवढ्या मानानं दिलेलं लुगडं तुम्ही दहा दिवसांत पुढं ढकललंत?”

“तुम्ही तरी कुठं दुकानातून आणलं होतं?”

खरं म्हणजे ते आणलेलंच नव्हतं. “सहादेवच्या लग्नात मला मानाचं आल्यालं ते,” आत्या म्हणाली. हे प्रत्येक घरात चालतं आणि कुणीच बोलून दाखवत नाही. त्या दिवशी भर ओट्यावर ते बोललं गेलं, आणि दोघी बायका एकमेकींकडे बघेनात.

“मावशी,” आक्का म्हणाली, “तुमच्या वन्सं राहतात कुठं?”

“लंकाबाई? श्रीगोंद्याला. तुझ्या भावाच्या वस्तीला लागूनच त्यांची वस्ती.”

रविवारी पहिल्या एस.टी.नं आक्का, आत्या आणि मी निघालो. आक्कानं मुंबईची बॅग भरून दारात ठेवली होती. पासपोर्ट मिळाला तर रात्रीच्या गाडीनं निघायचं, नाही मिळाला तर बॅग सोडायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पेरण्या करपलेल्या. आक्का खिडकीतून बघत होती आणि मधूनच एखाद्या विहिरीकडे बोट दाखवून म्हणत होती, “ही बघ, किती खोल नेलीय.”

लंकाबाई गोठ्यात होत्या. शेणाचे हात तसेच वर धरून त्यांनी आमचं ऐकून घेतलं.

“डाळिंबी व्हय? लई झ्याक लुगडं. पन मला म्हातारीला तसला रंग शोभतोय व्हय? मागल्या हप्त्यात केशरचं डोहाळजेवान झालं, तिच्या वटीत घातलं.”

“कोण केशर?” मी विचारलं, पण आत्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की उत्तर मला आधीच कळलं.

केशर म्हणजे आमची वहिनी. सहादेवदादाची बायको.

७. ह्या बाईला अडवू नका

बांधावरून जातानाच मला लांबून डाळिंबी रंग दिसला. वहिनी अंगणात दोरीवर कपडे घालत होती, आणि ते लुगडं तिच्या अंगावर होतं. घडी मोडलेली होती.

तिनं आम्हांला बघितलं, मग घराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “वटी भरली तवाच वळाकलं मी. माज्या आयनंच लग्नात आत्यास्नी दिल्यालं हे. म्हनलं, फिरून माज्याकडंच आलंय तर नेसावं. घडी मोडली आन ते पुस्तक पडलं. ह्यांच्या म्होरंच पडलं.”

तेवढ्यात सहादेवदादा बाहेर आला. आमच्याकडे न बघता बाजेवर बसला. बंडीच्या आतल्या खिशात हात घालून त्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि मांडीवर ठेवलं.

“बसा,” तो म्हणाला. “लई दिस लावले यायाला.”

“निरोप का नाही धाडलास?” आक्का उभीच होती.

“कशापाई? आत्यानंच तर धाडला. तिचंच लुगडं, तिच्याच घडीत. म्हनलं, आत्याबी माज्याच बाजूनं हाय. तोंडानं बोलवंना म्हनून लंकाबाईच्या हातून वटीत घालून धाडला. पोरीला ठिवून घे म्हनती.”

“म्या?” आत्या पुढे झाली. “मेल्या, तुज्यापासून लपवला म्या.”

दादानं आत्याकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं. “माज्यापासून लपवाया माज्याच घरात धाडलास व्हय?”

वहिनीनं पदर तोंडात धरला. मलाही हसू फुटत होतं, पण आक्का हसत नव्हती.

“चुलीत का नाही घातलास?” तिनं विचारलं.

“घालाया गेल्तो.” दादा प्लास्टिक सोडायला लागला. “उघडलं तर तुजा फोटू. आन नाव. मुक्ता पुंजाराम. आबाचं नाव मला वाचता येतंय, बाकीचं न्हाई. मंग शाळंतल्या गुरुजींकडं नेलं, म्हनलं काय लिवलंय सांगा. त्यांनी पयलंच पान वाचलं. राष्ट्रपतीच्या नावानं सगळ्यांस्नी सांगितलंय, ह्या बाईला बिनरोकटोक जाऊ द्या, आडवू नका, लागंल ती मदत करा. मी गुरुजींना इचारलं, सगळ्यांस्नी म्हंजी सायबांनाच का? ते म्हनले, सगळ्यांस्नी म्हंजी सगळ्यांस्नी.” त्यानं घसा साफ केला. “म्हंजी मीबी आलो त्यात.”

गोठ्यातली गाय तेवढी घंटा वाजवत होती.

“मग आणून द्यायचास,” आक्का म्हणाली.

“उगा कसा आनून दिऊ? मीच चोरला असं झालं असतं. म्हनलं, ती यील, भांडंल, चार शिव्या दील, मग देतो.” मग तो खाली बघून म्हणाला, “मुक्ते, एकच इचारतो. सोयऱ्यांचं ऱ्हाऊ दे. तिकडं गेलीस, शिकलीस, तर माघारी यील का? गेलेली मान्सं येत न्हाईत म्हनत्यात.”

म्हणजे एवढ्या आरडाओरड्यामागे हे होतं. चूल नाही, सोयरे नाहीत. हेच. माझ्या सगळ्या तपासात हे एक माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आक्का त्याच्यासमोर जमिनीवर बसली. “येईन. कामच इकडं आहे, तिकडं काय करू? पण दादा, आधीच सांगते. पाण्याचा कायदा शिकून आले तर उसाच्या बाजूनं बोलेनच असं नाही. शेजाऱ्याच्या विहिरीला माप लावीन, तसं तुझ्या पाटालाही लावीन.”

दादानं तिच्याकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदा त्याचे दात दिसले. “लाव. आदी ये तर खरी.”

त्यानं पासपोर्ट तिच्या हातात ठेवला. वहिनीनं आम्हांला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आक्काची ओटी भरायला घरात नवं कोरं काही नव्हतं, म्हणून तिनं सरळ नारळ आणि मूठभर गहू घातले. “लुगडं घालत न्हाई,” ती म्हणाली. “तुमच्या घरात लुगड्यांचा भरवसा न्हाई.”

सोमवारी मुंबईत शिक्का बसला, हे तर पुढे रीतसर झालंच. पण मला सांगायचंय ते परतीच्या एस.टी.तलं. दादा स्टँडपर्यंत आला होता आणि गाडी हलली तरी कंडक्टरला सांगत होता की ही लंडनला चाललीय, हिला खिडकीची जागा द्या. आक्का, मी आणि मध्ये आत्या अशा आम्ही एका बाकावर बसलो. आत्यानं पासपोर्ट मागून घेतला. आधी हात पदराला पुसले, मग एकेक पान उलटून बघितलं. पानं कोरीच होती.

“ह्ये बायामान्सांत कुनालाबी मिळतं का गं?” तिनं विचारलं.

“कुणालाही,” आक्का म्हणाली.

“शिकल्याली नसली तरी?”

“तरी.”

“आन सही येत नसली तर?”

“अंगठा चालतो, आत्या.”

आत्यानं पासपोर्ट मिटला आणि आक्काच्या हातात दिला. बाहेरची करपलेली रानं मागे जात राहिली. नगरची वेस दिसायला लागली तेव्हा तिनं मला कोपर मारलं.

“चांगे,” ती म्हणाली, “फोटू काढाया कवा जायाचं?”